डोंगरी सायकल आणि तिच्या चाकांतील हवा

इ. स. १८८७ सालची गोष्ट. आयर्लंडांतील बेल्फास्ट शहरीं जॉन बॉइड डनलॉप नांवाचा एक स्कॉटिश पशुवैद्य राहत असे. त्याच्या लहान मुलाला आपली तीनचाकी सायकल ओबडधोबड रस्त्यावरून चालवितांना फार धक्के बसत. कारण त्या काळच्या सायकलींच्या चाकांना भरीव रबराची धांव असे. डनलॉपनें पातळ रबराची एक नळी केली, तींत हवा कोंडली, तिच्यावर कापड गुंडाळलें आणि ती चाकाच्या कडेला बसविली. मुलाचे धक्के कमी झाले आणि पुढच्या वर्षीं, १८८८ सालीं, बापानें या युक्तीचें पेटंट घेतलें. हीच युक्ति रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या एका स्कॉटिश गृहस्थानें १८४५ सालींच पेटंट करून ठेविली होती, हें मागाहून उघडकीस आलें. परंतु थॉमसनच्या वेळीं पायडल मारून चालवावयाची सायकलच अजून जन्मास आलेली नव्हती. म्हणून हवेच्या टायराचें श्रेय लोकांच्या तोंडीं डनलॉपच्याच नांवावर राहिलें.

एका बापानें मुलासाठीं काढलेल्या या युक्तीनें पुढें कित्येक घरांतील बापलेकांत एक वाद मात्र लावून दिला आहे. चाकांत हवा किती भरावयाची, हा तो वाद होय.

उंच दांड्याच्या काळ्या सायकलीवर ज्यांचें शाळा-कॉलेज आणि नोकरीचीं पहिलीं वर्षें गेलीं, त्यांना हा प्रश्न कधीं पडलाच नाहीं. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याचा पंप घ्यावा, दहावीस हात मारावे, अंगठ्यानें टायर दाबून पाहावा आणि तो दबला नाहीं म्हणजे निघावें, अशी सरळ रीत होती. मापण्याचें साधन त्या सायकलीला लावणेंही सोपें नव्हतें. तिच्या व्हॉल्व्हमध्यें एक बारीक रबरी नळी असते. ती हवेला आंत जाऊं देते, पण बाहेर येऊं देत नाहीं. आंतली हवा बाहेरच्या कांट्यापर्यंत पोहोंचत नाहीं, मग कांटा तरी काय सांगणार? त्यामुळें अंगठा हेंच प्रमाण ठरलें. डांबरी रस्त्यावर या प्रमाणानें कांहीं बिघडतही नसे. पन्नास पौंडांच्या ठिकाणीं पंचेचाळीस भरले काय किंवा पंचावन्न भरले काय, कचेरींत पोहोंचावयास फार तर दोन मिनिटांचा फरक पडे.

आतां असें एक घर डोळ्यांपुढें आणावें, कीं जेथें त्या काळ्या सायकलीशेजारीं मुलाची रुंद चाकांची डोंगरी सायकल येऊन उभी राहिली आहे. मुलगा रविवारीं पहाटे सिंहगडाच्या पायथ्याकडील खडकाळ वाटांवर जावयास निघतो. वडील सवयीनें टायरावर अंगठा ठेवतात आणि म्हणतात, "अरे, हवा कमी आहे. टणक भर." मुलगा म्हणतो, "बाबा, पंपावर पंचवीस दाखवतो आहे. डोंगरांत एवढीच लागते." दुपारीं मुलगा सायकल हातानें ढकलीत परत येतो. उतारावर मागील चाक दगडावर आपटून आंतली ट्यूब चिमटली, तिला सापाच्या दंशाप्रमाणें शेजारीं शेजारीं दोन भोकें पडलीं आणि रिमेची कड वांकली. पुढच्या रविवारीं वडिलांच्या म्हणण्याप्रमाणें चाकें टणक भरलीं जातात. त्या दिवशीं ट्यूब फुटत नाहीं; पण वळणावरील सुट्या खडीवर पुढील चाक सरकतें आणि मुलगा कोपर खरचटून घेऊन घरीं येतो. वाट दरीच्या कडेची असती, तर तेवढ्यावर भागलें असतें असें नाहीं. बापाचें मत खोटें ठरलें, मुलाचेंही खोटें ठरलें. मग खरें काय, असा प्रश्न त्या घरापुढें उभा राहतो. त्याचें उत्तर दोन भागांत आहे. डोंगरांत हवा कमी कां लागते, हा एक भाग. आणि पंपानें दाखविलेले पंचवीस खरोखर पंचवीस होते काय, हा दुसरा.

डोंगरी सायकल ही मूळची अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांताची. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मॅरिन नांवाचा जिल्हा आहे व तेथें तामाल्पाइस नांवाचा डोंगर आहे. १९७०च्या सुमारास तेथील कांहीं हौशी तरुण १९३० व १९४०च्या दशकांतील जुन्या, जड सायकली गोळा करून त्या डोंगराच्या मातीच्या वाटांवरून खालीं सोडूं लागले. या जुन्या सायकलींचा एक मोठा गुण असा होता कीं, त्यांचे टायर सवादोन इंचांच्या आंतबाहेर, म्हणजे फारच रुंद होते. १९३३ सालीं श्विन कंपनीनें अमेरिकेंत ते प्रचारांत आणिले होते. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं फेअरफॅक्स गांवाजवळ या मंडळींनीं उताराची पहिली शर्यत लाविली. दोन मैलांहून थोड्याच अधिक अंतरांत ती वाट सुमारें १३०० फूट खालीं उतरते. पायडल उलटें दाबून लागणारे ते जुने ब्रेक इतके तापत कीं, आंतलें वंगण जळून धूर निघे व प्रत्येक उतारानंतर तें नव्यानें भरावें लागे. त्यावरून त्या शर्यतीचें नांवच 'रीपॅक', म्हणजे पुन्हा भरणें, असें पडलें. याच मंडळींपैकीं जो ब्रीझ यानें पुढें डोंगरासाठीं मुद्दाम सायकल बांधली, आणि गॅरी फिशर व चार्ली केली यांनीं १९७९ सालीं टॉम रिची यानें बांधलेल्या सायकली विकावयास आरंभ केला. डोंगरी सायकल जगभर पसरली ती तेथून. तिच्या जन्मापासून तिच्या अंगीं मुरलेली गोष्ट म्हणजे रुंद टायर आणि त्यांतील कमी दाबाची हवा.

कमी दाब कां लागतो, हें समजण्यास अवघड नाहीं. सायकलस्वार पंचाहत्तर किलोचा आणि सायकल, पाणी व सामान मिळून पंधरा किलो, असे नव्वद किलो धरावे. त्यांतील सुमारें तीन पंचमांश भार मागील चाकावर पडतो. म्हणजे चौपन्न किलो, अथवा एकशेंएकोणीस पौंड. चाकांत दर चौरस इंचास २५ पौंड दाब असेल, तर तें वजन पेलण्यासाठीं टायराला सुमारें पावणेपांच चौरस इंच जागा जमिनीला टेकवावी लागते. टायराच्या कापडाचा ताठरपणा थोडा भार उचलतो. तो सोडला तर हिशेब इतका सरळ आहे. दाब पन्नास केला कीं टेकणारी जागा निम्मी होते. डांबरावर ही निम्मी जागा पुरते. पण जेथें जमीन म्हणजे खडी, मुळें आणि ओले कातळ यांची सरमिसळ आहे, तेथें टायरानें प्रत्येक खड्याला आपल्या अंगांत जागा करून द्यावी लागते. मऊ टायर खडा पोटांत घेतो आणि पुढें जातो. टणक टायर त्याच्यावर उडी मारतो. प्रत्येक उडीबरोबर चाक क्षणभर जमीन सोडतें, आणि जमीन सोडलेलें चाक वळतही नाहीं व थांबतही नाहीं. मुलाच्या कोपरावरील जखम या उडीची आहे.

टणक टायर हलका चालतो, हा वडिलांचा अनुभवही खोटा नाहीं. तो गुळगुळीत रस्त्याचा आहे. खडबडीत वाटेवर टणक चाक प्रत्येक दगडावर माणसासकट साऱ्या वजनाला वर उचलतें, आणि त्या उचलण्यांत पायांची ताकद फुकट जाते. अर्थात् दाब कमी करीत जाण्यालाही सीमा आहे. ती ओलांडली कीं दगडाचा मार टायर पिऊन टाकूं शकत नाहीं, तो रिमेपर्यंत पोहोंचतो आणि मधल्या मधें ट्यूब चिमटते. वळणावर टायर अंगाखालीं लोळतो. ट्यूब नसलेल्या टायरांची पद्धत मॅव्हिक कंपनीनें १९९९ सालीं डोंगरी सायकलींसाठीं बाजारांत आणिली. त्या टायरांत ट्यूब चिमटण्याची भीति नाहीं, म्हणून त्यांत आणखी कमी दाब चालतो. पण तेथेंही दाब फारच उतरला, तर टायराची कड रिमेपासून क्षणभर सुटते आणि ढेकर दिल्याप्रमाणें हवा निघून जाते.

येथें अंगठ्याचें प्रमाण कां चुकतें, तेंही पाहावयास हवें. अंगठ्याला कळतो तो हवेचा दाब नव्हे, टायराच्या कापडावर पडलेला ताण कळतो. हा ताण दाब आणि टायराची रुंदी यांच्या गुणाकाराप्रमाणें वाढतो. एक इंच रुंदीच्या टायरांत साठ पौंड दाब असतां कापड जितकें ताणलें जातें, तितकेंच तें दोन पूर्णांक चार दशांश इंच रुंदीच्या टायरांत पंचवीस पौंडांना ताणलें जातें. त्यांत डोंगरी टायराचें रबर जाड व गांठाळ. तेव्हां काळ्या सायकलीवर तीस वर्षें मुरलेला अंगठा रुंद टायरावर ठेवला, कीं तो प्रामाणिकपणेंच चुकीची साक्ष देतो. रुंद टायराला कमी पौंड पुरतात याचें कारणही हेंच आहे.

बरें, कमी म्हणजे किती? अमेरिकेंतील इंजिनियर व सायकलविषयक लेखक फ्रँक बर्टो यानें पुष्कळ टायर वजनाखालीं दाबून मोजले आणि रस्त्यावरील टायरांसाठीं असा एक ठोकताळा सुचविला कीं, स्वार बसल्यावर टायराची उंची शेंकडा पंधरा कमी व्हावी. डोंगरी सायकलीच्या जन्माचा इतिहास लिहिणाराही हाच बर्टो. परंतु डोंगरांतील वाट ही रस्त्यासारखी एकजिनसी नसते. पंचाहत्तर किलोच्या स्वारानें, सुमारें २.४ इंची टायर असल्यास, ट्यूब असेल तर तिशीच्या आसपास आणि ट्यूब नसेल तर बावीस ते सव्वीसच्या दरम्यान आरंभ करावा. वजनदार माणसानें थोडा अधिक, हलक्यानें थोडा कमी दाब घ्यावा. पुढील चाकावर भार कमी आणि वळण्याची जबाबदारी अधिक, म्हणून त्यांत मागच्यापेक्षां दोनतीन पौंड कमी असावेत. हा केवळ आरंभाचा आंकडा होय. टायराच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेच्या बाहेर मात्र वर किंवा खालीं जाऊं नये.

या आंकड्यांकडे पाहिलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. डोंगरी सायकलींत बरें आणि वाईट यांमधील अंतर अवघें दोनतीन पौंडांचें आहे. शंभर पौंडांच्या शर्यतीच्या टायरांत दोन पौंडांची चूक म्हणजे शेंकडा दोन. वीस पौंडांच्या डोंगरी टायरांत तीच चूक शेंकडा दहा होते. म्हणून ज्या सायकलीला सर्वांत कमी हवा लागते, तिलाच सर्वांत काटेकोर माप लागतें.

आणि माप देणारें यंत्र मात्र बहुधा वखारीतलें असतें. पंपाच्या पायथ्याशीं जो गोल कांटा बसविलेला असतो, त्याची युक्ति पॅरिसच्या यूजीन बुर्दों या कारागिरानें १८४९ सालीं काढली. जत्रेंत मुलांना मिळणारी कागदी पिपाणी फुंकली म्हणजे तिचें वेटोळें जसें उलगडतें, तशीच या यंत्रांतील धातूची चपटी, बांकदार नळी आंतल्या दाबानें किंचित् सरळ होऊं पाहते. तें किंचित् सरळ होणें दांत्यांच्या चाकांनीं मोठें करून कांट्याला फिरविलें जातें. यंत्र सुंदर आहे. पण त्याची चूक साधारणतः त्याच्या पूर्ण पट्टीच्या प्रमाणांत सांगितली जाते. ज्या पंपाचा कांटा १६० पौंडांपर्यंत जातो, त्यांत शेंकडा तीन चूक धरली, तर ती जवळजवळ पांच पौंड होते, आणि ती विसाच्या जागींही पांचच पौंड असूं शकते. त्या मुलाच्या पंपानें पंचवीस दाखविले तेव्हां चाकांत वीसही असूं शकले असते, तीसही. तीस पौंडांपर्यंतच जाणाऱ्या लहान दाबमापकांत तीच शेंकडा तीन चूक एका पौंडाहून कमी भरते. वखारीच्या कांट्यावर लांकूड तोलावें, सोनें तोलूं नये, हें सोनाराला कोणी शिकवावें लागत नाहीं. पंचवीस पौंडांची हवा मात्र बहुतेक लोक वखारीच्याच कांट्यावर तोलतात. म्हणून पहिला नियम असा कीं, हवा वाटेल त्या पंपानें भरावी, पण मापावी ती कमी पट्टीच्या स्वतंत्र दाबमापकानें.

आंकडे दाखविणारे विजेरीचे दाबमापकही आतां मिळतात. त्यांत दशांशापर्यंत आंकडा दिसतो व वाचावयास सोपा जातो. पण दशांश दिसला म्हणजे तो खरा असतो असें नाहीं. वाचण्याची सोय आणि मापाचा खरेपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत. कोणताही दाबमापक घेतला तरी त्याची एक परीक्षा घरच्या घरीं घेतां येते. एकच चाक लागोपाठ पांच वेळां मापावें. दर वेळीं चिमूटभर हवा निसटते, म्हणून आंकडे किंचित् उतरत जातील, तें ठीक. पण ते वरखालीं उड्या मारूं लागले, तर तें यंत्र टाकून द्यावें. जो दाबमापक नेहमींच दोन पौंड जास्त दाखवितो, तो मात्र टाकून देण्याचें कारण नाहीं. नेहमीं एकच खोटें सांगणारा साक्षीदार ओळखतां येतो. आज एक आणि उद्यां दुसरें सांगणाऱ्याचें काय करावें? फक्त मग दुसऱ्याच्या दाबमापकावरील आंकडा उसना घेऊं नये आणि आपला त्याला देऊं नये.

व्हॉल्व्हच्या बाबतींतही थोडें सांगावयास हवें. डोंगरी सायकलींना दोन प्रकारचे व्हॉल्व्ह येतात. एक जाड, मोटारीच्या चाकाला असतो तोच, श्रेडर नांवाचा. दुसरा बारीक, फ्रेंच पद्धतीचा, प्रेस्टा नांवाचा, ज्याच्या टोंकावरील चिमुकली चकती सैल करावी लागते. प्रेस्टाचें दार आंतल्या हवेनेंच बंद राहतें; बाहेरचा दाब आंतल्यापेक्षां अधिक झाला तरच तें उघडतें. म्हणून पंप लावतांक्षणीं त्याचा कांटा शून्यावर असतो, आणि चाक रिकामें झालें अशी समजूत होते. पहिला हात मारल्यावर कांटा एकदम उसळतो. तोही आंकडा चाकाचा नव्हे, पंपाच्या नळीचा. कांटा स्थिर होईल तेव्हांच त्याचें ऐकावें, आणि खात्रीसाठीं पंप काढून स्वतंत्र दाबमापक लावावा. पंप काढतांना जो फुस्स आवाज होतो, त्यानें पुष्कळांचा जीव हळहळतो. परंतु ती हवा बहुतांशीं नळींतली असते, चाकांतली नव्हे. डोंगरी टायरांत पांच लिटरांच्या आसपास जागा असते. त्यापुढें नळींतली हवा म्हणजे घागरींतला पळीभर अंश. ट्यूब नसलेल्या टायरांत भोकें बुजविण्यासाठीं रबराच्या चिकाचें पांढरें दूध घालतात. तें व्हॉल्व्हमध्यें वाळून बसलें, कीं दाबमापक वाटेल तें सांगूं लागतो. म्हणून मापतांना व्हॉल्व्ह चाकाच्या वरच्या बाजूस आणावा आणि त्याचा आंतला भाग मधूनमधून काढून धुवावा.

एवढें केल्यावरही एक चमत्कार उरतो. पुण्यांतील एखाद्यानें डिसेंबरांत भर दुपारीं, तीस अंश उष्णतेंत, पंचवीस पौंड हवा नीट मापून भरली आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे दहा अंशांत पुन्हा मापली, तर कांटा साडेबावीसच्या खालींच थांबतो. हवा कोठेंही गळालेली नसते. बंद जागेंतील हवा थंड झाली म्हणजे तिचा दाब उतरतो, हा निसर्गाचा नियम आहे. डोंगरांत जाणारे लोक पहाटेच निघतात. आदल्या दुपारीं केलेलें काटेकोर माप तोंवर अडीच पौंडांनीं खोटें ठरलेलें असतें. उन्हांत उभ्या केलेल्या सायकलीचें याच्या उलट होतें.

उंचीची कथाही अशीच आहे. दाबमापक दाखवितो तो चाकांतील पूर्ण दाब नव्हे, बाहेरच्या हवेपेक्षां आंत किती अधिक आहे, तेवढेंच तो सांगतो. समुद्रकांठीं बाहेरची हवाच दर चौरस इंचास १४.७ पौंड दाबीत असते. लेह येथें, सुमारें ३५०० मीटर उंचीवर, ती साडेनऊ पौंड दाबते. आणि सुमारें ५३६० मीटरांवरील खारदुंग खिंडींत ती साडेसात पौंडांच्या जवळ येते. मुंबईस पंचवीस पौंड भरलेलें चाक सामानाबरोबर लेहला नेऊन तितक्याच उष्णतेंत मापलें, तर तें तीस दाखवील. लेहला पंचवीस भरून खिंडीवर चढलें तर सत्तावीस दाखवील. पण वर थंडीही वाढते आणि ती दोनांतला बराचसा भाग परत घेते. त्या ठिकाणीं दोन चुका एकमेकींना खातात खऱ्या. तरी अशा योगायोगावर विसंबून खिंडीचा उतार उतरूं नये. जेथून निघावयाचें तेथें, निघण्याच्या वेळीं, सावलींत मापावें, आणि मुक्काम बदलला कीं पुन्हा मापावें.

पंचवीस पौंड म्हणजे केवढा दाब, याची शहरांतील गृहस्थाला कल्पना यावी म्हणून एक घरगुती उदाहरण देतां येईल. सहा मजली इमारतीच्या गच्चीवरील टाकीचें पाणी तळमजल्याच्या बंद नळावर जो दाब टाकतें, तो साधारण पंचवीस पौंडांचा असतो. त्यांतील दोन पौंड म्हणजे सुमारें दीड मीटर पाणी, अर्धा मजला. एवढ्याशा फरकावर उतारावरील स्वाराचें चाक जमिनीला धरून राहतें किंवा सोडून देतें.

तेव्हां त्या घरानें करावयाचें काय? काम फार नाहीं. एक कमी पट्टीचा दाबमापक घ्यावा आणि तोच कायम ठेवावा. निघण्यापूर्वीं चाकें सावलींत गार असतांना, ठरलेल्या आंकड्याहून दोनतीन पौंड जास्त हवा भरावी आणि मग थोडी थोडी सोडीत आंकड्यावर यावें. वरून खालीं येणें हें खालून वर जाण्यापेक्षां सोपें पडतें. ओळखीची, फार धोक्याची नव्हे अशी एक वाट परीक्षेसाठीं निवडावी. तिच्यावरून एकदां जाऊन यावें, मग दोन्ही चाकांतील हवा एकेक पौंड कमी करून पुन्हा जावें. टायर वळणावर लोळूं लागला, किंवा दगडावर रिम आपटल्याचा टण्कन् आवाज आला, म्हणजे सीमा आली असें समजावें आणि दोन पौंड चढवून थांबावें. हा आंकडा त्या स्वाराचा, त्या टायराचा आणि त्या दाबमापकाचा होय. तो दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल असें नाहीं. शेवटीं तो वहींत टिपून ठेवावा. तारीख, वाट, कोरडी कीं ओली, मागील चाक, पुढील चाक, एवढ्या पांच रकान्यांची वही पुरे. रबरांतून हवा रोज थोडी थोडी झिरपत असते. म्हणून गेल्या रविवारचा आंकडा या रविवारीं चाकांत शिल्लक असेल असें धरून चालूं नये.

हिशेबाची वही लिहिण्याची संवय घरांतल्या वडिलांना असतेच. मुलगा दाबमापक लावून आंकडा सांगूं लागला आणि वडील तो वहींत मांडूं लागले, म्हणजे अंगठा खरा कीं पंपाचा कांटा खरा, हा वाद आपोआप मिटतो; कारण त्या दोहोंपैकीं एकालाही शेवटचा शब्द सांगण्याचा अधिकार राहत नाहीं. अंगठ्याला मात्र घराबाहेर काढण्याचें कारण नाहीं. पंधरावीस रविवार माप घेऊन झाल्यावर, वहींतील आंकडा आणि टायराचा स्पर्श यांची गांठ त्याच अंगठ्याला पडूं लागते. मग वाटेंत, दाबमापक जवळ नसतां, चाक किती उतरलें याचा अदमास तो देऊं शकतो. तीस वर्षांच्या काळ्या सायकलीनें शिकविलेला अंगठा या नव्या चाकावर पुन्हा शाळेंत घालावा लागतो, इतकेंच. डनलॉपनें आपल्या मुलासाठीं चाकांत हवा कोंडली. ती किती कोंडावी हें मापून पाहण्याचें काम प्रत्येक घरीं अजून बापलेकांनीं मिळून करावयाचें राहिलें आहे.